अडगळीतील निर्देशिका



तुमच्यापैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांनी दूरध्वनी निर्देशिका नावाचे जाड पुस्तक कुठे ना कुठे पाहिले असेल: तालुक्याच्या टपाल कार्यालयात दोरीने बांधून ठेवलेले, एखाद्या अडत दुकानात गल्ल्याशेजारी, किंवा एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत. पातळ पिवळट कागद, बारीक टंक, आणि हाताळून मऊ झालेले कोपरे. तुमच्यातील जे पंचविशीच्या आत आहेत, त्यांनी मात्र हे पुस्तक पाहिलेच नसण्याचा संभव अधिक. हजारो माणसांची नावे, पत्ते आणि क्रमांक छापून ते पुस्तक कोणालाही खुले ठेवले जात असे, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटेल, कदाचित भीतीही वाटेल. अशा पुस्तकाचा आज काही उपयोग उरला आहे, की तो केवळ कागदाचा अपव्यय होता, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो, कारण बुलडाणा जिल्ह्याची एक जुनी निर्देशिका मी अजून जपून ठेवली आहे. या प्रश्नाचे उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. म्हणून हे लेखन.

आरंभ थोडा दूरचा आहे. जगातील पहिली दूरध्वनी सूची अमेरिकेतील न्यू हेवन या गावी फेब्रुवारी १८७८ मध्ये निघाली. ती पुस्तक नव्हती, एक कागद होता. त्यावर पन्नास नावे होती आणि गंमत अशी की एकाही नावापुढे क्रमांक नव्हता. क्रमांकाची गरजच नव्हती. एक्स्चेंजमध्ये बसलेल्या माणसाला नाव सांगायचे, तो तार जोडून देई. त्यानंतर चारच वर्षांनी, म्हणजे जानेवारी १८८२ मध्ये, मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडे दूरध्वनी आला तो असा फार लवकर, पण पोहोचला फार उशिरा. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून सुमारे ८० हजार दूरध्वनी होते. एवढ्या मोठ्या देशात एवढीच यंत्रे, म्हणजे निर्देशिकेत नाव असणे हीच एक प्रतिष्ठा होती, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या हिवरा आश्रमची गोष्ट याहून निराळी नाही. १९६५ मध्ये शुकदास महाराजांनी येथे विवेकानंद आश्रम स्थापन केला आणि गावाच्या नावाला 'आश्रम' हा शब्द कायमचा जोडला गेला. तो जोडला गेला हे एका अर्थाने सोयीचे झाले. हिवर हे या भागातले काटेरी झाड. त्याच्यावरून नाव पडलेली हिवरा नावाची गावे विदर्भात ठिकठिकाणी आहेत. 'कोणत्या हिवऱ्याचे?' हा प्रश्न आमच्या पिढीने अनेकदा ऐकला आहे. पत्रावर, पार्सलवर आणि पुढे दूरध्वनीवर 'आश्रम' म्हटले की घोटाळा टळे. निर्देशिकेतही नावाइतकेच गावाला महत्त्व होते. जिल्ह्याच्या पुस्तकात आधी एक्स्चेंजचे गाव, मग त्याखाली आडनावे. आडनाव माहीत असून गाव माहीत नसेल, तर शोध थांबलाच म्हणून समजा.

माझ्या लहानपणी मेहकरच्या दुकानदारांच्या पावत्यांवर दोन-तीन आकडी दूरध्वनी क्रमांक छापलेले असत. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावे लागे. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने वातानुकूलनाशिवाय, आपल्या उन्हाळ्यात आणि धुळीत चालेल असे लहान ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. त्यानंतर चित्र बदलत गेले. ०७२६८ हा मेहकरचा संकेतांक मुंबई-पुण्यातल्या भाच्या-पुतण्यांना पाठ झाला तो या काळात. रस्त्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ दिसू लागले. रात्री दर कमी होत, म्हणून रात्री रांगा लागत. त्या बूथमध्ये निर्देशिका असे आणि ती बघण्याचे पैसे पडत नसत.

तरीही गावातल्या बहुतेक घरांत दूरध्वनी नव्हता. मग लोक काय करीत? लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर शेजाऱ्याचा क्रमांक देत आणि त्यापुढे कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरे लिहीत. या अक्षरांचा इंग्रजी विस्तार फार थोड्यांना ठाऊक होता. अर्थ मात्र सर्वांना ठाऊक होता. हा दूरध्वनी माझा नाही, पण येथे माझे नाव सांगितलेत तर कोणीतरी मला हाक मारील. ज्यांच्या घरी दूरध्वनी होता, त्यांचे एक पोर दिवसभर याला-त्याला बोलावण्यासाठी पळत असे. आनंदाच्या बातम्यांपेक्षा वाईट बातम्याच अधिक येत, त्यामुळे ते पोर दारात दिसले की घरातल्या माणसांच्या छातीत धस्स होई. निर्देशिकेत या पी.पी. माणसांपैकी एकाचेही नाव नव्हते. ते पुस्तक स्वतःला जिल्ह्याची निर्देशिका म्हणवीत असले, तरी जिल्ह्यातील फार थोडी माणसे त्यात होती, ही गोष्ट त्याच्याविषयी हळवे होताना विसरू नये.

त्यात आणखी एक उणीव होती. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात. साहित्यात स्त्रीचा आवाज कुठे उमटतो आणि कुठे दडपला जातो याचा विचार तुम्हाला अभ्यासक्रमात करावा लागतो. एकदा तो विचार निर्देशिकेला लावून पाहा. माझ्याजवळच्या प्रतीत पानामागून पाने पुरुषांची आहेत. स्त्रियांची नावे आढळतात ती बहुधा डॉक्टर, मुख्याध्यापिका अशा पदांवरच्या बायकांची. घरातला दूरध्वनी दिवसभर जी उचलत होती, तिचे नाव त्या यंत्रापुढे नसे. आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या घरचा क्रमांक त्यांचे यजमान वारल्यावरही कितीतरी वर्षे यजमानांच्याच नावाने राहिला. त्या उचलून 'हॅलो' म्हणत आणि पलीकडचा अनोळखी माणूस 'साहेब आहेत का?' असे विचारी. काकू शांतपणे म्हणत, 'बाहेर गेले आहेत.' एवढे लहान वाक्य मी कुठल्याही कथेत वाचलेले नाही.

भाषेच्या दृष्टीनेही ही निर्देशिका वाचण्याजोगी होती. 'दूरध्वनी' हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या खटाटोपातून रूढ झाला. बोलण्यात आपण 'फोन'च म्हणतो. पण लिहिताना 'दूरध्वनी' सहज उतरतो आणि परका वाटत नाही, हे त्याचे यश. 'डिरेक्टरी'ला मात्र असा एकच ठाम प्रतिशब्द लाभला नाही. कोणी निर्देशिका म्हणते, कोणी सूची, कोणी मार्गदर्शिका. शब्द कोणताही असो, खरी पंचाईत होते ती क्रमाची. माझ्याजवळची प्रत रोमन लिपीत आहे. तिच्यात काळे आणि काले एकाच ठिकाणी येतात, कारण रोमन लिपीला 'ळ' नाही. वानखेडे हे आमच्याकडचे पावलोपावली भेटणारे आडनाव. ते कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने, म्हणून एकाच भावकीतली माणसे पुस्तकात दोन वेगळ्या अक्षरांखाली राहायला गेली आहेत. देवनागरीत सूची करायची म्हटली तर हे प्रश्न सुटतात आणि दुसरे उभे राहतात. अनुस्वाराचे शब्द आधी घ्यायचे की नंतर? क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे, की क आणि ज यांच्या जोडाक्षरांत बसवायचे? मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली, तेव्हापासून कोशकारांना हे प्रश्न सोडवावे लागले आहेत. सामान्य माणसाला वर्णानुक्रमाची खरी गरज लागे ती निर्देशिका उघडताना. शब्दकोश न उघडणारा अडत्यासुद्धा आडनावातले दुसरे अक्षर, मग तिसरे अक्षर असे बोट फिरवत जाई. आता ते काम शोधपट्टी करते आणि चुकीचे अक्षर टंकले तरी समजून घेते. सोय झाली, यात शंका नाही. पण वर्णमाला सलग म्हणता न येणारी मुले मी अलीकडे वर्गात पाहिली आहेत.

आता उपयोगाच्या प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, माझे चुलतबंधू रात्री अकराच्या सुमारास अचानक गेले. वय फार नव्हते. सकाळी अंत्यविधी करायचा तर रातोरात नातेवाइकांना कळवणे भाग होते. सारे क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये होते आणि मोबाइल कुलूपबंद होता. त्यांचा मुलगा पुण्याहून निघालेला, वाटेत. त्यालाही सांकेतिक आकडे माहीत नव्हते. अंगठा लावला की तो मोबाइल उघडत असे. कोणीतरी हे बोलून दाखवले आणि क्षणभर सगळे गप्प झाले. एक तरुण नातलग पुढे सरकलाही. वहिनींनी भावाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. तो विषय तेथेच संपला.

मग मी घरून निर्देशिका आणली. तुम्हाला वाटेल की आता या पुस्तकाची थोरवी सांगितली जाणार. तसे झाले नाही. कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली आम्ही एकेक आडनाव काढत गेलो आणि पुतण्या क्रमांक लावत गेला. 'काकाजी, लागून नाही राह्यला,' हे त्याचे वाक्य मी त्या रात्री किती वेळा ऐकले, याची मोजदाद नाही. लोकांनी घरचे दूरध्वनी केव्हाच परत केले होते. क्रमांक अस्तित्वात नसल्याचे ध्वनिमुद्रित उत्तर तेवढे येई. लागले ते दोनच. एक चिखलीचे किराणा दुकान, ज्याने जुना क्रमांक गिऱ्हाइकांसाठी टिकवून ठेवला होता आणि ज्याचा मालक दुकानावरच्या माडीत राहत होता. आणि एक जुना दवाखाना. पण त्या दुकानदाराने पावसात छत्री घेऊन जाऊन आमच्या आतेभावाचे दार ठोठावले. बाकीचे काम झाले ते भाचीच्या लग्नातल्या पाहुण्यांच्या यादीवरून. दोनशेपानी वही, निळ्या शाईने लिहिलेली गावे, नावे, मोबाइल क्रमांक. यादी तीन वर्षांची होती, निर्देशिका वीस वर्षांची. छापील की हस्तलिखित, हा फरक त्या रात्री गौण ठरला. ताजे की शिळे, आणि त्याहून अधिक, उघडे की कुलूपबंद, हा फरक महत्त्वाचा ठरला.

म्हणूनच जिल्ह्याची जाड निर्देशिका पुन्हा छापावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. साधा हिशेब करा. एक प्रत एक किलोची धरली आणि पन्नास हजार प्रती काढल्या, तर पन्नास टन कागद लागतो. आणि पुस्तक बांधून बाहेर पडेपर्यंत त्यातले कितीतरी क्रमांक बदललेले असतात. देशातील घरगुती आणि कार्यालयीन तारयुक्त दूरध्वनींची संख्या २००६ च्या सुमारास पाच कोटींवर पोहोचली आणि नंतर घसरत गेली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल संवाद झाला होता. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत दूरध्वनी घराचा न राहता माणसाचा झाला. घर सहसा हलत नाही, म्हणून घराच्या दूरध्वनीची सूची करता येते. माणूस कार्ड बदलतो, कंपनी बदलतो, गाव बदलतो. मोठ्या शहरांतल्या खंडांचे शेवटी काय होई, तेही पाहण्यासारखे होते. नवा खंड आला की जुना रद्दीत जाई आणि त्याच्या पानांत शेंगदाणे बांधून मिळत. मुंबईच्या एखाद्या बॅरिस्टरचे नाव वाचत वाचत मी मेहकरच्या बसस्थानकावर फुटाणे खाल्ले आहेत. हा पुनर्वापर नाकारण्याचे कारण नाही, पण त्यासाठी निर्देशिका छापायला नको.

दुसरी बाजूही ऐका. फ्रान्सने १९८० च्या दशकात छापील निर्देशिकेला पर्याय म्हणून घरोघरी मिनिटेल नावाचे लहान पडदायंत्र वाटले. दूरध्वनीच्या तारेवर चालणाऱ्या त्या यंत्रावर नाव टंकले की क्रमांक दिसे. आपल्याकडे इंटरनेट येण्यापूर्वीची ही गोष्ट. ती सेवा ३० जून २०१२ रोजी बंद झाली. यंत्रे आज संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या पडद्यावर पूर्वी उमटणारी सूची आता त्यांच्यावर वाचता येत नाही. त्याच काळातले छापील पुस्तक मात्र कपाटातून काढून आजही वाचता येते. आपल्याकडेही निर्देशिका कागदावरून सीडीवर गेली, सीडीवरून संकेतस्थळावर गेली. सीडी घालण्याची जागा आता संगणकालाच नसते. चालू माहितीसाठी पडदा बरा आणि गेलेल्या काळासाठी कागद बरा, असा माझा अनुभव आहे. ग्रंथालयाने, जिल्हा अभिलेखागाराने प्रत्येक वर्षाची एक-एक प्रत जपली असेल, तर कोणत्या गावात दूरध्वनी केव्हा आला, कोणत्या पेठेत कोणते व्यापारी होते, कोणती आडनावे कुठे स्थिरावली, हे उद्याच्या अभ्यासकाला त्यात सापडेल. पण त्यासाठी दहा प्रती पुरतात. पन्नास हजार लागत नाहीत.

आणि खरे पाहता छापील दूरध्वनी सूची संपलेली नाही. तिने केवळ रूप पालटले आहे. तुमच्या भिंतीवरची पतसंस्थेची किंवा कृषी केंद्राची दिनदर्शिका उलटून पाहा. मागच्या पानावर पोलीस, वीज, दवाखाना, बँक यांचे क्रमांक असतात. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत तो आकडा पहिल्यांदा दिनदर्शिकेवरूनच डोळ्यांत भरला. प्रत्येक समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिका दरवर्षी निघतात, त्यात वडिलांचे, मामांचे क्रमांक ठळक टंकात असतात. शेताच्या बांधावरच्या मोटारपेटीवर खडूने लिहिलेला वायरमनचा क्रमांक, हीदेखील निर्देशिकाच. तिला वीज लागत नाही आणि परवलीचा शब्दही लागत नाही.

आमच्या गावी विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला लाखो लोक येतात. विस्तीर्ण शेतात पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून वाढली जाते. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांना ते सांगून खरे वाटणार नाही. त्या गर्दीत मोबाइलचे जाळे अनेकदा कोलमडते. एका वर्षी एक आजी आपल्या माणसांपासून चुकल्या. त्यांच्याजवळ मोबाइल होता, पण तो हिरवे बटण दाबून उचलण्यापुरता. त्यातले नाव शोधणे त्यांना येत नव्हते. कमरेच्या पिशवीत मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद निघाला. त्यावर मुलाचे नाव, गाव आणि क्रमांक. क्रमांक लागला नाही. नाव आणि गाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले आणि मुलगा आला.

खासगीपणाचा प्रश्न मात्र मला टाळता येणार नाही, कारण तोच आज सर्वांत मोठा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आपला क्रमांक कोणी पाहावा हे आपण ठरवावे, ही अपेक्षा त्यामुळे केवळ लहर उरली नाही. जुन्या निर्देशिकेत नाव आल्याने फार तर कोणी विमा विकायला फोन करी. आज एक क्रमांक हाती लागला तर बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचू पाहणारे लोक आहेत. तुमच्यातील एखाद्या विद्यार्थिनीला आपला क्रमांक चार परक्या माणसांच्या हाती जाणे किती त्रासाचे होऊ शकते, हे मला सांगावे लागू नये. पण येथे एक विसंगती आहे, ती पाहा. आपण आपला क्रमांक गावाच्या फलकावर लिहू देत नाही. मात्र दुकानातल्या बिलासाठी, सवलतीच्या कार्डासाठी, कुठल्याशा ॲपसाठी तो दिवसातून दोनदा देतो. ज्यांच्यापासून तो राखायचा त्यांच्याकडे तो गेलेला असतो, आणि अडीअडचणीला जो धावून येईल त्या चौथ्या घरातल्या माणसाकडे तो नसतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गल्लीतल्या काही जणांनी एक लहान यादी करायला घेतली. दोन पाने, अठ्ठावीस घरे. ज्याची इच्छा असेल त्याचेच नाव. एका घरातून दोन माणसांचे क्रमांक, त्यांतले एक नाव शक्यतो बाईचे. आडनावे वर्णानुक्रमे, देवनागरीत. दर दिवाळीला यादी नवी करायची आणि जुनी परत घेऊन जाळायची. तिघांनी नकार दिला, तो आम्ही निमूट मान्य केला. एका घरी म्हातारी एकटीच राहते, मुलगा संभाजीनगरला कंपनीत. मी मुलाचे नाव लिहू लागलो, तेव्हा तिने थांबवले. 'घरात मी राहते, नाव माझे लिहा.' मी तिचे नाव लिहिले आणि क्रमांक विचारला. तिच्याजवळ दूरध्वनी नव्हता. मुलाने दिलेला मोबाइल केव्हाच बिघडून फळीवर पडला होता. जरा विचार करून ती म्हणाली, 'शेजारच्या सुनेचा लिहा. आणि पुढं ते पी.पी. लिहा, पहिल्यासारखं.'